इंजिन बदललेली जुनी स्टेशन वॅगन विकताना: कागदपत्रांपासून ताबा देईपर्यंतचा क्रम

मूळ इंजिन काढून नवे इंजिन, नवा गिअरबॉक्स आणि संगणकीय इंधनप्रणाली बसवलेली जुनी स्टेशन वॅगन (मागे सामानासाठी छत लांबवलेली गाडी) विकायला काढताना बहुतेक मालक एकच चूक करतात. ते आधी गाडी धुतात, पॉलिश करतात, छायाचित्रे काढून जाहिरात देतात आणि पहिला गंभीर खरेदीदार दारात आल्यावर कागद शोधू लागतात. हा खरेदीदार साधारणपणे तीन प्रश्न विचारतो: हे इंजिन कोणत्या गाडीतून आले, ते नोंदणीवर चढले आहे का आणि वायरिंग कोणी केले? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर नसेल, तर व्यवहार तिथेच थांबतो किंवा किंमत एकदम खाली येते.

याचे कारण असे की, मूळ अवस्थेतल्या जुन्या गाडीची माहिती कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत सापडते, पण बदललेल्या गाडीची पुस्तिका कुठेच छापलेली नसते. ती मालकाच्या डोक्यात असते, आणि गाडी विकली की तो मालकही खरेदीदाराच्या आयुष्यातून निघून जातो. त्यामुळे ही माहिती कागदावर उतरवणे हेच विक्रीच्या तयारीतले सर्वांत मोठे काम आहे, आणि पुढचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये.

## टप्पा १: क्रमांक आणि नोंदणी जुळवून घेणे

गाडीवरील चेसी क्रमांकाची पट्टी, चौकटीवर किंवा पत्र्यावर ठोकलेला क्रमांक आणि नोंदणीपत्रातील क्रमांक हे तिन्ही अक्षर न अक्षर जुळतात का, ते प्रथम पाहावे. १९८१ च्या आसपास १७ अक्षरी क्रमांकाची पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या गाड्यांचे क्रमांक आखूड असतात आणि ते प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने दिलेले असतात. अशा क्रमांकांत शून्याऐवजी ‘ओ’ किंवा एकाऐवजी ‘आय’ असे अक्षर जुन्या कारकुनी नोंदीत शिरलेले अनेकदा आढळते. ही चूक नावावर करण्याच्या दिवशी उघड झाली, तर दुरुस्तीला आठवडे जातात आणि तेवढा वेळ कोणताही खरेदीदार थांबत नाही.

त्यानंतर इंजिन क्रमांक, इंधनाचा प्रकार आणि इंजिनाची क्षमता पाहावी. इंजिन बदलल्याची नोंद करण्याचे नियम प्रत्येक देशात, काही ठिकाणी प्रत्येक प्रांतातही, वेगळे आहेत. धुराची तपासणी काही ठिकाणी गाडीच्या वर्षानुसार होते, तर काही ठिकाणी बसवलेल्या इंजिनाच्या वर्षानुसार. यातील कोणता नियम आपल्या गाडीला लागू होतो, ते नोंदणी कार्यालयाकडून लेखी स्वरूपात घ्यावे. ओळखीच्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. नोंद राहून गेली असेल, तर ती विक्रीपूर्वी स्वतः करून घेणे हाच सरळ मार्ग आहे. नियमात न बसणारा बदल असेल, तर ती गोष्ट खरेदीदाराला पहिल्याच संभाषणात सांगावी.

सावधान: क्रमांकाची पट्टी रंगकामासाठी काढू नये, तिचे रिव्हेट बदलू नयेत आणि ठोकलेल्या क्रमांकावर सँडपेपर फिरवू नये. हेतू कितीही प्रामाणिक असला, तरी छेडछाड झालेला क्रमांक चोरीच्या संशयाला पुरेसा ठरतो.

तपासा: बसवलेल्या इंजिनाच्या खरेदीची पावती हाताशी आहे का? ज्या गाडीतून ते निघाले, तिचा तपशील त्या पावतीवर आहे का?

## टप्पा २: बदलांची वही तयार करणे

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. ही वही असलेली गाडी आणि नसलेली गाडी यांत जाणकार खरेदीदार जो फरक करतो, तो रंगकामाच्या फरकाहून कितीतरी मोठा असतो.

पहिल्या पानावर गाडीचे मॉडेल आणि वर्ष, इंजिनाचा सांकेतिक क्रमांक, ते मूळ कोणत्या गाडीत आणि कोणत्या वर्षी होते, बसवताना ते किती चालले होते आणि त्यानंतर किती चालले, हे लिहावे. ‘जनरल मोटर्सचे एलएस इंजिन’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. १९९७ पासून आलेल्या या घराण्यात लोखंडी आणि अॅल्युमिनियम अशा दोन्ही ब्लॉकची, वेगवेगळ्या क्षमतेची आणि वेगवेगळ्या सेन्सरांची इंजिने आहेत, त्यामुळे नेमका सांकेतिक क्रमांक नसेल तर पुढच्या मालकाला साधा सेन्सरही खात्रीने मागवता येत नाही. गिअरबॉक्सचा क्रमांक, त्यात चालणारे तेल, डिफरन्शियलचे (चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरसंच) गुणोत्तर आणि प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून डिफरन्शियलकडे शक्ती नेणारा दांडा) क्रॉसचे, म्हणजे त्याच्या सांध्यांचे, भागक्रमांकही याच पानावर यावेत.

पुढच्या पानांवर किरकोळ वाटणारे, पण गाडी रस्त्यात उभी करणारे सुटे भाग लिहावेत. बहुतेक वह्या इथेच अपुऱ्या राहतात. इंजिन बदलताना अल्टरनेटर आणि एसी कॉम्प्रेसर वेगळ्या ब्रॅकेटवर बसवले जातात, त्यामुळे फॅन बेल्टची लांबी जुन्या गाडीशीही जुळत नाही आणि इंजिनाच्या मूळ गाडीशीही जुळत नाही. रेडिएटरचे होज पाइप तर कित्येकदा तिसऱ्याच गाडीचे कापून लावलेले असतात. बेल्ट तुटल्यावर नव्या मालकाने दुकानात काय मागावे? बेल्टवर छापलेला क्रमांक, प्रत्येक होजचा क्रमांक, तेलाचा आणि इंधनाचा फिल्टर, प्लग, क्लचप्लेट, इंजिन माउंटिंग, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट या प्रत्येकापुढे तो कोणत्या गाडीचा आहे, हे लिहून ठेवावे.

वायरिंगचा आराखडा हाताने काढलेला असला तरी चालेल, परंतु त्यात तारांचे रंग, फ्यूजची क्षमता, रिलेची जागा आणि इंजिन, बॉडी व बॅटरी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या सर्व जागा दाखवलेल्या असाव्यात. जुने हार्नेस (तारांचा जुडगा) किती ठेवले आणि नवे कुठून सुरू झाले, ती सीमाही स्पष्ट करावी. व्होल्वो २४० चे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९८० च्या दशकातील अनेक गाड्यांत इंजिनाच्या हार्नेसवरचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, हे त्या गाडीच्या जाणकारांना माहीत असते, म्हणून ते हार्नेस बदलले आहे की नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आपल्या मॉडेलची अशी जी प्रसिद्ध दुखणी असतील, त्यांवर काय काम केले ते वहीत आधीच लिहून ठेवावे.

ईसीयूबद्दल, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाबद्दल, चार गोष्टी नोंदवाव्यात: तो कोणता आहे, त्यातील प्रोग्राम कोणी बदलला, त्या प्रोग्रामची प्रत आपल्याकडे आहे का आणि त्याला कुलूप असल्यास पासवर्ड कोणाकडे आहे. प्रोग्रामला कुलूप आहे आणि तो बनवणारा माणूस संपर्कात नाही, अशा गाडीत पुढे इंजेक्टर बदलायचा म्हटला तरी सगळे काम नव्याने करावे लागते. शक्य असेल तर ही अडचण विक्रीपूर्वी सोडवावी.

काम कोणी केले, हेही लपवू नये. व्यावसायिक गॅरेजने केलेले काम आणि स्वतः केलेले काम वेगळे दाखवावे. स्वतः केलेले नीट काम खरेदीदाराला खुपत नाही. कोणी केले ते कळत नाही असे काम मात्र नक्की खुपते.

सावधान: अश्वशक्तीचा आकडा केवळ डायनोचा (गाडीची शक्ती मोजणारे यंत्र) कागद असेल तरच द्यावा. कारखान्याने दिलेला आकडा त्या इंजिनाच्या मूळ इनटेक आणि एक्झॉस्टसह मोजलेला असतो. आपल्या गाडीत हे दोन्ही बदललेले असतात, शिवाय चाकांवर मिळणारी शक्ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा नेहमीच कमी असते.

## टप्पा ३: यांत्रिक तपासणी

वही पूर्ण झाल्यावरच ही तपासणी करावी, कारण तिचे निष्कर्ष त्याच वहीत जायचे आहेत.

सुरुवात रात्रभर उभ्या असलेल्या थंड इंजिनापासून करावी. किती वेळात चालू होते, पहिल्या मिनिटात धूर कोणत्या रंगाचा येतो आणि कोणता आवाज नंतर नाहीसा होतो, हे टिपून ठेवावे. मग इंजिन गरम करून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजावे. पेट्रोल इंजिनात सर्व प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोजले, तरच आकड्यांना अर्थ असतो. एकूण आकड्याइतकेच सिलिंडरांमधील तफावतीकडे लक्ष द्यावे. ती १० ते १५ टक्क्यांच्या आत असावी.

इंधनव्यवस्थेकडे विशेष काळजीने पाहावे. कार्बोरेटरच्या यांत्रिक पंपाचा दाब साधारण ०.३ ते ०.५ बार असतो, तर इंजेक्शनच्या इंजिनाला बहुधा ३ ते ४ बार लागतो. एलएस घराण्यातील बहुतेक इंजिनांचा दाब ४ बारच्या आसपास आहे. म्हणजे दाब आठ-दहा पटींनी वाढलेला असताना टाकीपासून इंजिनापर्यंत कुठे जरी जुना कमी दाबाचा रबरी पाइप किंवा साधा पट्टीचा क्लिप उरला असेल, तर तो आगीचा धोका आहे. जुनी रबरे इथेनॉलमिश्रित पेट्रोलानेही मऊ पडून तडकतात. गाडी लिफ्टवर घेऊन पाइपचा प्रत्येक तुकडा पाहावा आणि शंका असलेला तुकडा बदलावा. या बाबतीत ‘खरेदीदार बघून घेईल’ हा विचार मनात आणू नये.

इंजिन थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेची खरी परीक्षा मोकळ्या रस्त्यावर होत नाही. एसी चालू ठेवून गाडी अर्धा तास उभ्या जागी चालू ठेवावी. पंखा चालू-बंद होत राहून तापमान एका पट्ट्यात स्थिर राहिले पाहिजे. विद्युतव्यवस्थेत इंजिन बंद असताना पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. सर्व काही बंद करून थोडा वेळ थांबल्यावर बॅटरीतून जाणारा प्रवाह ५० मिलिअँपिअरहून जास्त असेल, तर कुठलातरी रिले किंवा उपकरण जागे राहते आहे. दिवे लुकलुकणे, काटे उड्या मारणे अशा तक्रारींचे मूळ बहुधा अपुऱ्या अर्थिंगमध्ये सापडते, आणि ती दुरुस्ती स्वस्त असते.

ठरावीक वेगाला येणारी थरथर चाकांच्या बॅलन्सिंगने गेली नाही, तर प्रोपेलर शाफ्टचे कोन मोजावेत. गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन (त्यात शिरणारा शाफ्ट) एकमेकांना समांतर असावेत आणि प्रत्येक क्रॉसचा कोन ३ अंशांच्या आत असावा. नवा गिअरबॉक्स बसवताना माउंटिंगची उंची बदलते आणि हे गणित हमखास चुकते.

वॅगनला ओझे घेऊन धावायचे असते, ही गोष्ट अशा बदलांत विसरली जाते. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप काही वॅगनमध्ये असते. ती काढून टाकली असेल, तर मागे वजन ठेवून ब्रेक तपासावेत आणि ती काढल्याचे वहीत लिहावे. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील वॅगनमध्ये मागची उंची सावरणारे हायड्रॉलिक सस्पेन्शन असते आणि त्याचा पंप मूळ इंजिनावर बसतो. इंजिन बदलल्यावर त्या पंपाचे काय केले, हे जाणकार विचारणारच.

वॅगनच्या बाबतीत आणखी एक तपासणी कधीही टाळू नये. उभ्या पाठीमुळे धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि धूर तिच्यातून मागच्या दरवाजाकडे खेचला जातो. इंजिन बदलताना सायलेन्सरचा शेवटचा पाइप आखूड केला असेल किंवा दरवाजाची रबरे कडक झाली असतील, तर हा धूर आत शिरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कार्बन मोनॉक्साइड मोजणारे छोटे यंत्र मागच्या सीटजवळ ठेवून वेगवेगळ्या वेगाने फेरी मारावी.

सावधान: विक्रीच्या तोंडावर इशारा-दिवा विझवण्यासाठी ईसीयूतील दोष-नोंदी पुसू नयेत. नोंदी पुसल्या की ईसीयूच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दाखवू लागतात, आणि स्कॅनर घेऊन आलेल्या खरेदीदाराला ते क्षणात दिसते. दोष असेल तर दुरुस्त करावा. नाहीतर दोषाचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

तपासा: ब्रेक, इंधन, स्टिअरिंग, टायर आणि धूर यांतील प्रत्येक दोष दूर झाला आहे का? माझ्या मते विक्रीपूर्वी एवढ्यावरच पैसे खर्च करावेत. टायरचे वय बाजूवरच्या चार अंकी आकड्यावरून कळते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात.

## टप्पा ४: पत्रा, रबर आणि आतील भाग

वॅगनचा पत्रा सगळीकडे सारखा सडत नाही. मागच्या बाजूच्या लांब काचांच्या रबराखाली, मागच्या दरवाजाच्या खालच्या कडेत, स्टेपनीच्या खोलगट जागेत, मागच्या चाकांच्या कमानीत आणि छतावरच्या कॅरिअरच्या पायांखाली पाणी साचते. कार्पेट उचलून या जागांची छायाचित्रे घ्यावीत. मग एकाला आत बसवून बाहेरून पाण्याची धार मारावी, म्हणजे गळती नेमकी कुठे आहे ते कळते.

मागच्या दरवाजाच्या बिजागरीतून जाणाऱ्या तारा रोजच्या उघडझापीने आतून तुटतात. वायपर, नंबरप्लेटचा दिवा आणि काच तापवण्याची सोय या तिन्ही गोष्टी चालवून पाहाव्यात. दरवाजा उचलून धरणारे गॅसचे दांडे दमले असतील, तर ते मात्र जरूर बदलावेत. तपासताना डोक्यावर येणारा दरवाजा खरेदीदाराच्या मनात बाकीच्या गाडीबद्दलही शंका निर्माण करतो.

वापराने मऊ झालेली मूळ सीटकव्हरे, सामान झाकणारा पडदा, उलटे तोंड करून बसायची तिसरी सीट, मूळ रबरी मॅट हे सर्व आहे तसे स्वच्छ करून ठेवावे. नव्या कापडाची शिलाई घाईने करू नये. प्रेमाने वापरलेल्या गाडीच्या खुणा बहुतेक खरेदीदारांना हव्याच असतात, आणि मूळ कापड एकदा काढून टाकले की ते पुन्हा मिळणे फार कठीण असते.

सावधान: विक्रीच्या आधी गाडीच्या तळाला ताजा काळा लेप देऊ नये. लेपाखाली काय आहे हे दिसत नाही, म्हणून जाणकार तिथे सर्वांत वाईट तेच गृहीत धरतो. पुट्टी भरलेली जागा असेल, तर ती आपणच दाखवावी. रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राला ती तशीही सापडते.

## टप्पा ५: किंमत ठरवणे

पावत्यांची बेरीज म्हणजे किंमत नव्हे. बदलावर झालेला खर्च पूर्ण वसूल होणे दुर्मीळ असते, कारण नवे इंजिन हवे असलेला खरेदीदार आणि मूळ अवस्था हवी असलेला संग्राहक ही दोन वेगळी माणसे आहेत, आणि दुसरा माणूस आपल्या गाडीकडे येणारच नाही. त्याच मॉडेलची, त्याच अवस्थेतील मूळ वॅगन प्रत्यक्षात कितीला विकली गेली, हे पायाला धरावे. जाहिरातीत मागितलेल्या रकमा धरू नयेत. त्यावर बदलाचे मोल चढवायचे की उतरवायचे, हे कामाची गुणवत्ता, नोंदणीची स्थिती आणि वहीची पूर्णता यांवर अवलंबून ठेवावे. नोंदणी अपूर्ण असलेला उत्तम बदलसुद्धा किंमत घटवतो.

मूळ इंजिन, कार्बोरेटर, मूळ मीटर असे काढलेले भाग जपून ठेवले असतील, तर ते गाडीसोबतच द्यावेत, विशेषतः इंजिनाचा क्रमांक कारखान्यातून निघालेल्या गाडीशी जुळत असेल तर. सुटे विकून मिळणारी रक्कम बहुधा लहान असते, आणि गाडी कधी मूळ रूपात परत नेण्याची वाट मात्र कायमची बंद होते. आपला शेवटचा आकडा जाहिरातीपूर्वी कागदावर लिहून ठेवावा.

## टप्पा ६: छायाचित्रे आणि जाहिरात

धुण्या-पुसण्याची वेळ आता आली. ढगाळ हवेत किंवा कललेल्या उन्हात, मोकळ्या जागी, गाडीभोवती फिरत छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर इंजिनाचा कप्पा, तळ, वायरिंग, फ्यूजची पेटी आणि प्रत्येक दोष जवळून टिपावा. थंड इंजिन चालू करतानाची अखंड चित्रफीत जोडावी. ती मध्येच कापलेली असेल तर तिचा उपयोग नाही. चेसी क्रमांक आणि घराचा पत्ता जाहिरातीत दिसू देऊ नये. क्रमांक गंभीर खरेदीदाराला मागाहून द्यावा.

मजकुराच्या पहिल्या दोन वाक्यांतच इंजिन बदललेले आहे, कोणते बसवले आहे आणि त्याची नोंदणी झाली आहे की नाही, हे यावे. बदल शेवटी सांगितला की लपवल्यासारखा वाटतो. मीटरवरचे अंतर देताना ते बॉडीचे आहे की इंजिनाचे, हे वेगळे लिहावे. मीटर बदलले असेल, तर बदलताना जुन्यावर किती होते तेही द्यावे. नव्या गिअरबॉक्सनंतर स्पीडोमीटर जुळवून घेतलेला नसेल, तर दाखवलेल्या अंतरावर कोणीच विश्वास ठेवू शकत नाही, आणि ते आपण आधी सांगितलेले बरे.

## टप्पा ७: गाडी दाखवणे आणि चाचणी फेरी

खरेदीदार येण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवू नये. बोनेटला हात लावून पाहणारे अनेक असतात, आणि गरम बोनेट म्हणजे थंड इंजिनाची काहीतरी अडचण आहे, असा त्याचा अर्थ ते लावतात. वही त्यांच्या हातात द्यावी आणि ती वाचायला त्यांना निवांत वेळ द्यावा. प्रत्येक पानावर आपण बोलत राहण्याची गरज नसते.

फेरीपूर्वी परवाना पाहावा आणि दुसऱ्याने चालवताना आपला विमा लागू आहे का, याची खात्री करावी. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातात दावा नाकारला जाऊ शकतो. पहिली फेरी आपण चालवावी. नव्या इंजिनाची ओढ, क्लचची जागा आणि ब्रेकची पकड जुन्या चौकटीत वेगळी जाणवते आणि अनोळखी चालक पहिल्याच वळणावर फसू शकतो. त्यानंतर खरेदीदाराला चालवू द्यावे. त्याने आपल्या मेकॅनिककडून लिफ्टवर तपासणी मागितली, तर आनंदाने होकार द्यावा.

## टप्पा ८: इसार, करार आणि ताबा

इसार लेखी घ्यावा आणि त्यात मुदत, उरलेली रक्कम आणि व्यवहार मोडल्यास इसाराचे काय होईल, हे लिहावे. करारात चेसी क्रमांक, बसवलेल्या इंजिनाचा क्रमांक, झालेले बदल आणि माहीत असलेले सर्व दोष नमूद करून खरेदीदाराची सही घ्यावी. वहीची प्रत कराराला जोडणे सर्वांत उत्तम. ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली’ एवढ्या एका ओळीने माहीत असून न सांगितलेल्या दोषाची जबाबदारी सगळीकडे टळतेच, असे नाही.

पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री बँकेकडूनच करावी, मोबाइलवर दाखवलेल्या चित्रावरून करू नये. त्यानंतरच चाव्या द्याव्यात. हस्तांतरणाची सूचना नोंदणी कार्यालयाला त्याच दिवशी द्यावी आणि तिची पोच येईपर्यंत आपला विमा रद्द करू नये, कारण कागदोपत्री गाडी आपली असेपर्यंत दंड आणि अपघात दोन्ही आपल्याच नावावर येतात.

ताबा देताना वहीची मूळ प्रत, सर्व पावत्या, काढलेले भाग, जादा चाव्या, ईसीयूच्या प्रोग्रामच्या प्रती, त्याला जोडायची केबल आणि पासवर्ड एकत्र द्यावेत. प्रोग्रामचे सॉफ्टवेअर आपल्या खात्याला बांधलेले असेल, तर ते खरेदीदाराच्या खात्यावर फिरवून, त्याच्या समोर त्याच्याच लॅपटॉपवर ईसीयू एकदा वाचून दाखवावा.